चाल कुठे ठेवली? मिलानचा दप्तरखाना आणि आपली पदांची वही

१.
दहिवलीच्या आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत एक वही आहे. ती माझ्या पणजोबांची. उत्सवात होणाऱ्या हौशी नाटकांची पदे त्यांनी तीत उतरवून घेतली होती. अक्षर वळणदार, शाई अजून स्पष्ट, कडा मात्र इथल्या पावसाळी ओलीने खाल्लेल्या. प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' हा शब्द आणि त्यापुढे दुसऱ्याच कुठल्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. एकूण पदे ६४. त्यांपैकी आज घरात गाऊन दाखवता येतात ती ११. उरलेल्या ५३ पदांचे शब्द शिल्लक आहेत, गाणे नाही.

२.
मित्रहो, आजचा धागा या ५३ पदांच्या निमित्ताने. मराठी संगीत नाटक १८८० मध्ये उभे राहिले. त्या वेळी इटलीत जुझेप्पे व्हेर्दीचे अखेरचे दोन ऑपेरा अजून यायचे होते आणि जाकोमो पुच्चिनी नुकताच मिलानला शिकायला आला होता. दोन्हीकडे गाणारे नट होते, गाण्यासाठी वेडे होणारे प्रेक्षक होते, गावोगाव फिरणाऱ्या मंडळ्या होत्या. पण व्हेर्दीच्या २८ ऑपेरांपैकी २३ ऑपेरांची त्याच्या हातची हस्तलिखिते आज मिलानमधील एकाच संग्रहात आहेत. आपल्याकडे 'चाल' या शब्दापुढे बहुतेक वेळा केवळ स्मरण होते, आणि स्मरण माणसाबरोबर जाते. असे का झाले?

३.
नेहमीचे उत्तर असे की, आपल्याकडे संगीत लिहिण्याची पद्धतच नव्हती. हे उत्तर टिकत नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याच्या 'संगीतरत्नाकर' या संस्कृत ग्रंथात रागांची उदाहरणे सा-रे-ग-म अक्षरांत लिहून दिलेली आहेत. आणखी गंमत अशी, की हा संगीतशास्त्रज्ञ राज्याच्या हिशेबखात्याचा वरिष्ठ अधिकारी होता. म्हणजे स्वर लिहिणारा हात आणि जमाखर्च लिहिणारा हात एकच. ही गंमत लक्षात ठेवा. धाग्याच्या शेवटी ती कामी येईल.

४.
स्वर लिहिता येत होते, तर प्रश्न बदलतो. 'लिहिता येत होते का?' हा प्रश्न मागे पडतो आणि 'लिहिलेले जपण्यात कुणाचा लाभ होता?' हा पुढे येतो. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण पाहायचे तर मिलानला जावे लागेल. तिथला रिकोर्दी घराण्याचा दप्तरखाना हा इटालियन संगीताच्या स्वरलेखांचा जगातील एक अग्रगण्य संग्रह मानला जातो. स्वरलेख म्हणजे प्रत्येक गायकाने आणि प्रत्येक वाद्याने कोणत्या क्षणी काय गायचे-वाजवायचे, हे एकाखाली एक ओळींत मांडलेला कागद.

५.
या संग्रहाचा मूळपुरुष कुणी राजा किंवा विद्वान नव्हता. जोव्हानी रिकोर्दी हा १७८५ मध्ये जन्मलेला मिलानचा एक व्हायोलिनवादक. तो पोटासाठी नाटकगृहांत नकलनवीसाचे काम करी. संगीतकाराने लिहिलेल्या एका प्रतीवरून प्रत्येक वादकासाठी वेगळी प्रत हाताने उतरवायची, हे ते काम. १८०७ मध्ये तो जर्मनीतील लायप्झिगला गेला, तिथल्या ब्राइटकॉफ उंड हेर्टेल या प्रकाशनसंस्थेत धातूच्या पत्र्यावर स्वर कोरून छापण्याची कला शिकला आणि परत येऊन १८०८ मध्ये त्याने स्वतःचा छापखाना सुरू केला.

६.
नकलनवीस असल्यामुळे त्याने एक गोष्ट हेरली. त्या काळात ऑपेरा हा हंगामी माल समजला जाई. नाटकगृहाचा ठेकेदार संगीतकाराला एका हंगामापुरते पैसे देई, ऑपेरा रंगमंचावर येई, आणि हंगाम संपला की मूळ कागद कुठल्यातरी फडताळात पडून राही. रिकोर्दीला कळले की प्रेक्षक गायकावर भाळतात, पण पुढच्या गावच्या नाटकगृहाला गरज असते ती कागदाची. साठ-सत्तर वादक एकत्र वाजवणार असतील तर प्रत्येकापुढे कागद हवाच. ज्याच्याकडे मूळ प्रत, त्याच्या दारी सगळ्यांना यावे लागणार.

७.
१८१४ मध्ये त्याने ला स्काला या मिलानच्या प्रख्यात ऑपेरागृहाच्या नकला करण्याचा करार मिळवला आणि त्याबरोबर तिथले संगीत छापण्याचे हक्कही मिळवले. १८२५ मध्ये त्याने ला स्कालाचा संगीतसंग्रहच विकत घेतला. इतरांना जे फडताळातील जुने कागद वाटत होते, ते त्याने भांडवल म्हणून घरी आणले. पुढे व्हेर्दीचा १८३९ चा पहिला ऑपेरा 'ओबेर्तो' याचेही हक्क त्यानेच घेतले. तेव्हा व्हेर्दीला कोणी ओळखत नव्हते.

८.
पण मूळ प्रत जवळ असून भागत नव्हते. चोरटे लोक छापील पियानोप्रत मिळवत आणि एखाद्या सामान्य वादकाकडून तिच्यावरून संपूर्ण वाद्यवृंदाचे संगीत अंदाजाने लिहवून घेत. नाव व्हेर्दीचे, वाद्ययोजना भलत्याचीच. यावर १८४० मध्ये काहीसा उतारा मिळाला. ऑस्ट्रिया आणि सार्डिनिया या दोन राज्यांनी ग्रंथ व कलाकृतींच्या मालकीला संरक्षण देणारा करार केला. तेव्हा मिलान ऑस्ट्रियाच्या ताब्यात होते. पुढे रिकोर्दींचा व्यवहार ठरून गेला: वाद्यवृंदाचे कागद विकायचे नाहीत, भाड्याने द्यायचे. प्रयोग झाला की कागद परत.

९.
इथे त्या दप्तरखान्याचे मर्म आहे. कागद परत येत राहिले, कारण त्यांवर भाडे होते. मूळ हस्तलिखित जपले गेले, कारण मालकी सिद्ध करण्याचा तोच पुरावा होता. पत्रे राखली गेली, कारण कोणत्या शहरात कोणत्या अटीवर प्रयोग झाला ते त्यांत होते. जोव्हानीनंतर मुलगा तीतो, मग नातू जूल्यो, मग पणतू तीतो, अशा चार पिढ्या हे चालले. जूल्यो रिकोर्दीने वृद्ध व्हेर्दीची कवी आर्रिगो बोइतोशी जवळीक घडवून आणली आणि त्यातून 'ओतेल्लो' (१८८७) व 'फाल्स्ताफ' (१८९३) हे ऑपेरा निर्माण झाले. तरुण पुच्चिनीच्या पाठीशी उभा राहिला तोही हाच जूल्यो.

१०.
आज या संग्रहात सुमारे ७,८०० मूळ स्वरलेख आहेत, त्यांत ६०० हून अधिक ऑपेरा आहेत. शिवाय सुमारे १०,००० संहिता, हजारो पत्रे, छायाचित्रे, नेपथ्याची व वेशभूषेची रंगीत चित्रे. १९९४ मध्ये रिकोर्दी कंपनी जर्मनीच्या बेर्टेल्समान समूहाने घेतली. पुढे प्रकाशनाचा धंदा त्यांनी विकला, दप्तरखाना मात्र स्वतःकडे ठेवला. २००३ पासून तो मिलानच्या ब्रेरा राजवाड्यात, ब्राइदेन्से राष्ट्रीय ग्रंथालयाच्या वास्तूत आहे. त्यातली पत्रे आणि चित्रे आता कर्जत लोकलमध्ये बसूनही भ्रमणध्वनीवर पाहता येतात.

११.
धंद्याने जपलेली गोष्ट धंद्याच्या सीमेतच जपली जाते, हेही पाहू. पुच्चिनीच्या ऑपेरांपैकी एकच, 'ला रोंदिने' (१९१७), रिकोर्दींकडे नाही. तो सोंझोन्यो या प्रतिस्पर्धी प्रकाशकाने घेतला होता. दुसऱ्या महायुद्धात मिलानवर बाँब पडले. ऑगस्ट १९४३ मध्ये ला स्कालाचे छप्पर कोसळले. रिकोर्दींच्या वास्तूचीही हानी झाली, पण अमूल्य हस्तलिखिते आधीच सुरक्षित स्थळी हलवलेली होती. सोंझोन्योंच्या दप्तराचे मात्र बाँबवर्षावात अतोनात नुकसान झाले. 'ला रोंदिने'चे पुच्चिनीने तिसऱ्यांदा केलेले रूप वाद्यवृंदाच्या पूर्ण स्वरलेखासह हाती उरले नाही. अखेर १९९४ मध्ये लोरेन्झो फेर्रेरो या संगीतकाराला त्याची वाद्ययोजना नव्याने पूर्ण करावी लागली. शहर तेच, युद्ध तेच, फरक दप्तराच्या नशिबाचा.

१२.
जपलेल्या कागदाचा उपयोग काय? भाड्याने फिरणाऱ्या प्रतींत दीडशे वर्षांत नकलनवीसांच्या चुका साचल्या होत्या, गायकांच्या सवयी शिरल्या होत्या. १९८३ पासून शिकागो विद्यापीठाचे मुद्रणालय आणि रिकोर्दी यांनी व्हेर्दीच्या चिकित्सक आवृत्त्या काढायला घेतल्या. पहिला ऑपेरा 'रिगोलेत्तो'. आपल्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या पोथ्या ताडून जसे काम केले, तसेच हे काम, फक्त श्लोकांच्या जागी स्वर. मात्र दोन्हींत एक मोठा फरक आहे. महाभारताच्या संपादकांपुढे व्यासांच्या हातची प्रत नव्हती. 'रिगोलेत्तो'च्या संपादकांपुढे व्हेर्दीच्या हातची प्रत होती.

१३.
आता घाट उतरून घरी येऊ. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग केला. १८८२ मध्ये 'सौभद्र' आले. या नाटकांतील कितीतरी पदे साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा वृत्तांत आहेत. कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला 'साकी' म्हटले की चाल आपोआप कळे. इतर पदांवर लोकांच्या कानांत असलेल्या गाण्याचा निर्देश पुरत असे. तेव्हा 'चाल' ही खूण अपुरी नव्हती. ऐकणाऱ्यांचा अख्खा समाज तिच्या पाठीशी उभा होता. तो समाज पांगला आणि खूण मुकी झाली.

१४.
दुसरे कारण तांत्रिक आहे आणि ते नेहमी विसरले जाते. ऑपेरात साठ वादक. कागदाविना गोंधळ होईल. संगीत नाटकात साथीला ऑर्गन, सारंगी, तबला. बालगंधर्वांच्या साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा होते. अशा साथीदारांना कागद दाखवणे हास्यास्पद ठरले असते. गायक आज कुठे वळेल हे ऐकून ते त्या क्षणी उत्तर देत. 'वन्स मोअर' आला की तेच पद पुन्हा, पण तसेच पुन्हा नाही. ज्या संगीताचे वैभव बदलत राहण्यात, त्याला कागदाची गरज भासली नाही यात नवल नाही.

१५.
तिसरे कारण पैशाचे. 'मानापमान' (१९११) ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, 'स्वयंवर' (१९१६) ला भास्करबुवा बखल्यांनी. आता पदे ख्यालाच्या बंदिशींवर बेतली जाऊ लागली आणि 'चाल' हा शब्द आणखी दुबळा झाला. पण मंडळीचे उत्पन्न कशावर होते? तिकिटावर, आणि तिकीट विकले जाई गायकनटाच्या गळ्यावर. चालीचा कागद दुसऱ्या मंडळीला भाड्याने देऊन पैसे मिळण्याची सोय नव्हती. कागद हाती आला तरी प्रेक्षकांना हवा तो गळा त्यात थोडाच येणार होता? म्हणून नाटकाची संहिता छापली गेली, चाल गळ्यात राहिली.

१६.
याच काळात मुंबईचे एक वकील उलट दिशेने निघाले होते. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी १९०४ पासून देशभर प्रवास केला, ग्रंथालये धुंडाळली, उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, सप्तकासाठी बिंदू, समेला फुली आणि खालीला शून्य, अशी छापखान्याला झेपणारी सोपी लिपी त्यांनी रुळवली. त्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत अठराशेच्या आसपास बंदिशी आहेत. कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनीही १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि स्वतःची स्वरलिपी वापरून पुस्तके छापली. पुढे नाट्यपदांचेही स्वरलेखन काही जाणकारांनी केले. कागद आला, पण प्रयोग घडवणाऱ्या मंडळ्यांच्या घरातून तो आला नाही.

१७.
भातखंड्यांना बंदिशी सहज मिळाल्या नाहीत. बंदिश ही घराण्याची पुंजी. ती शिष्याला, मुलाला मिळे, परक्याला नाही. आपण याला 'कोतेपणा' म्हणून मोकळे होतो. पण रिकोर्दी तरी काय करत होते? मूळ स्वरलेख कुलुपात ठेवून भाड्यानेच देत होते. मालकी दोघांनाही राखायची होती. रिकोर्दींनी कुलूप कागदाला लावले, उस्तादांनी गळ्याला. कागदाचे कुलूप मालक गेल्यावर वारसाला उघडता येते. गळ्याचे कुलूप मालकाबरोबर चितेवर किंवा कबरीत जाते. दोन्ही परंपरांतला फरक नीतीचा नाही, तिजोरीच्या जातीचा आहे.

१८.
मग ध्वनिमुद्रण आले. फ्रेड गाइसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस एप्रिल १९०२ मध्ये मिलानच्या एका हॉटेलात तरुण एन्रिको कारुसोचे गाणे तबकडीवर उतरवत होता. वर्षभरापूर्वी व्हेर्दीने प्राण सोडला, तेच हे हॉटेल. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हाच गाइसबर्ग कलकत्त्यात हिंदुस्थानी गायन मुद्रित करत होता. एकाच माणसाचे यंत्र, एकच वर्ष. पण मिलानमध्ये तबकडी स्वरलेखाच्या जोडीला आली. आपल्याकडे कित्येक गाण्यांच्या बाबतीत ती एकटीच आली. आणि तबकडीवर मावत तीन-साडेतीन मिनिटे. रंगमंचावर पाव तास फुलणारे पद त्यात आक्रसून बसले.

१९.
इथे एक शंका योग्य ठरेल: आपल्याकडे स्वरलेख मुबलक असते तर ते जपले गेले असते का? याची परीक्षा मुंबईतच झाली. गोव्याच्या चर्चला जोडलेल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या मुले पाच रेघांवरचे पाश्चात्त्य स्वरलेखन शिकत. त्यातली 'दो रे मी' ही स्वरनामे मुळात अकराव्या शतकातील ग्विदो या इटालियन साधूच्या पद्धतीतून आलेली. हेच गोमंतकीय वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांसारख्यांनी हिंदी गाण्यांची वाद्ययोजना पूर्ण स्वरलेखांत लिहिली. पण पैसा होता ध्वनिमुद्रणात. गाणे मुद्रित झाले की कागदाचे मोल संपे, आणि असे कागद बहुतांशी नाहीसे झाले.

२०.
म्हणजे तीन चित्रे समोर आली. मिलानला कागद होता आणि कागदावर हक्क होता: दप्तरखाना उभा राहिला. मुंबईच्या चित्रपटांत कागद होता, हक्क नव्हता: कागद गेला. मराठी रंगभूमीवर हक्क गळ्यात होता: गळ्याबरोबर गेला. आता शार्ङ्गदेवाकडे परत या. पेशवे दप्तर आज पुण्यात का आहे? वंशजांच्या इतिहासप्रेमामुळे नाही. जमीन, इनाम, वतन यांचे दावे त्या कागदांवर ठरत होते, म्हणून इंग्रजांनीही ते राखले. कागद टिकतो तो बहुधा कुणाचा तरी हिशेब त्यात अडकलेला असतो म्हणून. संगीताचा हिशेब आपण कागदात कधी अडकवलाच नाही.

२१.
याचा अर्थ मिलान श्रेष्ठ आणि आपण कनिष्ठ असा घेऊ नका. पुच्चिनीचा सगळा स्वरलेख हाती असला तरी कारुसोचा श्वास त्यातून कळत नाही. त्यासाठी तबकडीच ऐकावी लागते. भातखंड्यांची बंदिश पुस्तकातून वाचून गाणारा आणि गुरूपुढे बसून शिकलेला, यांतला फरक आपल्याला पहिल्या आवर्तनात कळतो. लिपी हाडे जपते, मांस नाही. पण हाडेही उरली नाहीत तर मांस कशावर धरणार? माझ्या पणजोबांच्या वहीतल्या ५३ पदांबाबत नेमके हेच झाले आहे.

२२.
गेल्या दिवाळीत मी आजीपुढे ती वही घेऊन बसले. आजी ८४ वर्षांची. तिने ही पदे सासऱ्यांच्या तोंडून चुलीपाशी ऐकलेली. 'आता आवाज लागत नाही गं,' म्हणाली, आणि तरी एकेक करून अकरा पदे गुणगुणली. मी ती ध्वनिमुद्रित केली, मग पेटीवर स्वर शोधत भातखंडे लिपीत उतरवली. बाराव्या पदाशी ती थांबली. पहिली ओळ आली, दुसरी येईना. बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली आणि म्हणाली, 'हे आक्कांना येत होतं.' आक्का म्हणजे तिची थोरली जाऊ. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. सहा वर्षांपूर्वी मी त्याच घरात होते, वही त्याच ट्रंकेत होती, आणि मला विचारायचे सुचले नव्हते.

२३.
म्हणून शेवटी एवढेच सांगते. तुमच्या घरी अशी वही असेल, तर तिची पाने छायाचित्रांत उतरवून ठेवाच. पण ते दुसरे काम. वही ट्रंकेत आणखी काही वर्षे थांबेल. आधी ती वही गाऊ शकणारे माणूस शोधा. आजी, आजोबा, आत्या, गावच्या भजनी मंडळातील एखादे काका, कुणीही. त्यांच्यापुढे भ्रमणध्वनी ठेवा आणि गाऊ द्या. चुकले तर चुकू द्या. वर तारीख, गावाचे नाव आणि गाणाऱ्याचे नाव लिहा, म्हणजे पन्नास वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याला 'चाल' या शब्दापुढे रिकामी जागा दिसणार नाही. आपल्याकडे रिकोर्दी नव्हता. ६४ पदांची वही राखायला तो लागतही नाही.

धागा समाप्त. तुमच्या घरच्या वहीत 'चाल' या शब्दापुढे काय लिहिले आहे, ते खाली जरूर सांगा. कदाचित माझ्या बाराव्या पदाची दुसरी ओळ तुमच्या आजीला येत असेल.